संग्रहालयाचे तिकीट कोणाला?

१८ मे २०१३ या दिवशी, आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिनाचे निमित्त साधून, सिंगापूरने राष्ट्रीय वारसा मंडळाची संग्रहालये नागरिकांना आणि कायम रहिवाशांना विनामूल्य खुली केली. स्टॅम्फर्ड रोडवरचे १८८७ सालच्या इमारतीतले राष्ट्रीय संग्रहालय, एम्प्रेस प्लेसचे एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियम, आणि पुढे २०१५ च्या मे महिन्यात लिटल इंडियात कॅम्बेल लेनवर उघडलेले इंडियन हेरिटेज सेंटर, सगळीकडे हाच नियम लागू झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात सुरू झालेल्या नॅशनल गॅलरीनेही तोच कित्ता गिरवला. परदेशी पाहुण्याला मात्र तिथे उद्घाटनापासून २० डॉलर तिकीट होते. विशेष प्रदर्शनांचे पैसे सगळ्यांनाच पडतात, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

हा निर्णय चांगला होता आणि तो अर्ध्यावर थांबला, असे आम्हाला वाटते.

आपल्या मंडळाच्या सभासदांची यादीच डोळ्यांपुढे आणा. गुलाबी कार्डवाले आहेत, निळ्या कार्डवाले आहेत, आणि एम्प्लॉयमेंट पास, डिपेंडंट पासवर राहणारी कुटुंबेही काही कमी नाहीत. गणपतीच्या आरतीला हे सगळे एकाच ताटाभोवती उभे असतात. संग्रहालयाच्या दारात गेले की मात्र दोन गट पडतात. सहा-सात वर्षे इथे संसार थाटलेला, रोज एमआरटीने कामाला जाणारा माणूस काल चांगीला उतरलेल्या पर्यटकाच्या गटात जाऊन उभा राहतो. छाती बडवून घ्यावी असे यात काही नाही. कुणाच्या घरची चूल त्यामुळे विझत नाही. पण या वाटणीमागचा हिशेब तपासून पाहावा असा नक्कीच आहे.

विनामूल्य प्रवेशाच्या बाजूने नेहमी सांगितला जाणारा मुद्दा असा की संग्रहालय जनतेच्या पैशावर चालते, मग त्याच जनतेकडून दारात पुन्हा पैसे कशाला घ्यायचे? मुद्दा बिनतोड आहे. पण मग पासवाला माणूस आयकर भरतो, त्याचे काय? २०२४ च्या १ जानेवारीपासून ९ टक्के झालेला जीएसटी तो तांदळावर, तेलावर, मुलांच्या वह्यांवर भरतो. वर्क परमिटवरच्या कामगारामागे तर त्याचा मालक सरकारला दरमहा लेव्ही देतो. पैसे घेताना जो इथला धरला जातो, तो चित्र बघायला गेला की पाहुणा कसा होतो, हे आम्हाला उमगलेले नाही.

"इथला" कोण, याची मोठी व्याख्या या शहरात आधीच वापरात आहे. गार्डन्स बाय द बेच्या काचघरांच्या तिकिटाला स्थानिक रहिवाशांचा वेगळा, कमी दर आहे, आणि त्या रहिवाशांत एम्प्लॉयमेंट पास, वर्क परमिट, डिपेंडंट पास आणि स्टुडंट पासवाले सगळे धरलेले आहेत. कार्ड दाखवा आणि आत जा. ऑर्किड पाहताना आपण इथले ठरतो, इतिहास पाहताना परके. उत्तर शोधायला लंडनला जायचीही गरज नाही, मरीना बेपर्यंत गेले तरी पुरे.

तरी लंडनचे उदाहरण डोळ्यांआड करता येत नाही. ज्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने २०२४ साली वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात पाठवली, आणि ज्यांच्यासाठी साताऱ्याच्या संग्रहालयात गर्दी लोटली, ते म्युझियम १९९६ पासून प्रवेशशुल्क घेत होते. १ डिसेंबर २००१ रोजी इंग्लंडमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांनी ते रद्द केले, आणि इथल्या प्रेक्षकांची संख्या पाहता पाहता दुपटीच्या घरात गेली. तिथे दारात पासपोर्ट विचारत नाहीत. सोलापूरचा माणूसही फुकट, सरेचा माणूसही फुकट.

आपल्या मायदेशाची तऱ्हा तिसरीच. अजिंठ्याला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी माणसाला ६०० रुपये. सार्क आणि बिमस्टेक देशांचे नागरिक मात्र भारतीयांच्याच दरात. त्यात आपली गंमत अशी की सिंगापूरला दुहेरी नागरिकत्व चालत नसल्याने आपल्यापैकी ज्यांनी इथला लाल पासपोर्ट घेतला, ते कागदोपत्री परदेशी झाले. पण २००९ पासून ओसीआय कार्डधारकाला राष्ट्रीय स्मारकांत आणि संग्रहालयांत देशी दरच लागतो. म्हणजे अजिंठ्याच्या तिकीटखिडकीवर आपण कार्ड पुढे सरकवून ५६० रुपये वाचवतो, आणि त्यात कुणाला संकोच वाटल्याचे आम्ही ऐकलेले नाही! भारत नाते पाहून सवलत देतो, सिंगापूर कार्ड पाहून. इंग्लंड काहीच पाहत नाही. तीन दिवसांच्या पर्यटकाकडून पैसे घ्यायला आमची हरकत नाही. आमचे म्हणणे राहणाऱ्या माणसापुरते आहे.

आता काही वाचक म्हणतील, "अहो, फुकट ते पौष्टिक! पैसे मोजल्याशिवाय माणसाला किंमत कळत नाही." नाटकाच्या तिकिटाबाबत आम्हीही असेच म्हणतो. संग्रहालयाचे मात्र उलटे आहे. तिकीट काढले की माणूस पैसे वसूल करायला लागतो. सकाळी दहाला शिरायचे, एकेक दालन नांगरत जायचे, तीनपर्यंत पाय मोडून घ्यायचे, मुले रडकुंडीला आणायची, आणि शेवटी सगळ्या मूर्ती सारख्याच दिसायला लागल्या की बाहेर पडायचे. तो माणूस पुढची पाच वर्षे तिकडे फिरकत नाही. दार फुकट असले की अर्ध्या तासासाठी जाता येते. एक वस्तू बघायची आणि घरी यायचे.

अशी एक वस्तू सांगतो. १९९८ साली इंडोनेशियातल्या बेलितुंग बेटाजवळ नवव्या शतकातले एक बुडालेले जहाज सापडले. चीनहून पश्चिमेकडे निघालेल्या त्या जहाजात साठ हजारांच्या आसपास भांडी होती, बहुतेक चांगशा इथल्या भट्ट्यांतले वाडगे. एशियन सिव्हिलायझेशन्स म्युझियममध्ये त्यांचे एक मोठे दालनच आहे. वाडगे सुंदर आहेत, पण आम्हाला मोह पडतो तो जहाजाच्या बांधणीचा. त्याच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नव्हत्या, दोराने शिवलेल्या होत्या. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही अशी शिवलेली गलबते बांधत. तीच जुनी टंकाई पद्धत वापरून गोव्यात बांधलेले 'कौंडिण्य' २०२५ च्या मे महिन्यात कारवारला भारतीय नौदलात दाखल झाले. रत्नागिरीकडचे एखादे आजोबा ते वाडगे पाहता पाहता नातवाला काय काय सांगू शकतील! तेवढ्यासाठी अर्धा तास पुरतो, आणि गुडघ्यांनाही तेवढेच झेपते.

आजी-आजोबांचा प्रश्न मात्र आम्ही वेगळा ठेवतो. ते व्हिजिट पासवर येतात, म्हणजे खरेच पाहुणे. त्यांनी फुकट प्रवेश मागावा असे आम्ही म्हणणार नाही. अडचण दुसरीच असते. डॉलरचा आकडा ऐकला की त्यांच्या मनात साठा-सत्तरांचा पाढा सुरू होतो, आणि "तुम्ही जाऊन या, आम्ही इथे बाकावर बसतो" हे वाक्य ठरलेले! अशा वेळी मुलाने किंवा सुनेने तिकीट आधीच काढून ठेवावे आणि किंमत सांगू नये. यापलीकडे धोरण नको.

खरा प्रश्न आपल्याहून खालच्या पगारावर राबणाऱ्यांचा आहे. रविवारी संध्याकाळी लिटल इंडियात बांधकामावरचे किती मजूर जमतात ते आपण किराणा घ्यायला जातो तेव्हा पाहतोच. इंडियन हेरिटेज सेंटर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून पोटासाठी इथे आलेल्या माणसांची कथा आत काचेमागे मांडलेली आहे. २०१३ च्या नियमात नागरिक आणि कायम रहिवासी एवढेच बसतात. त्या कथेचा आजचा अध्याय बाहेर फुटपाथवर बसलेला असतो. आम्हा पासवाल्यांच्या अर्जाचा विचार सावकाश झाला तरी चालेल, आधी वर्क परमिटवाल्यांसाठी ते दार उघडावे.

नागरिकांना जास्त मिळू नये असे यात कुठेच नाही. २०२५ च्या सप्टेंबरपासून १८ वर्षांवरील नागरिकांना १०० डॉलरचा एसजी कल्चर पास मिळाला, तो त्यांचा हक्कच. आणि गंमत पाहा, म्युझियममध्ये आलेल्यांना हिंडवून माहिती सांगणारी 'फ्रेंड्स ऑफ द म्युझियम्स' ही स्वयंसेवकांची संस्था १९७८ पासून काम करते, आणि तिच्यात काही वर्षांपुरत्या इथे आलेल्या परदेशी कुटुंबांतल्या बायका मोठ्या संख्येने आहेत. हे शहर स्वतःचा वारसा समजावून सांगायचे काम पाहुण्यांवर बिनदिक्कत सोपवते.

एक कडू गोष्टही बोलून टाकतो. तिकीट नसले म्हणजे लोक येतातच असे नाही. मुंबईत राणीच्या बागेत जाऊन वाघ-माकडे पाहिलेले हजारो असतील, पण दाराशीच असलेल्या, १८७२ सालच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात पाऊल टाकलेले त्यात किती? तिथले तिकीट वर्षानुवर्षे दहा रुपये होते. इथेही निळी आणि गुलाबी कार्डे खिशात असलेली आपली मंडळी शनिवारी मॉलमध्येच भेटतात. मुले शाळेच्या सहलीत एकदा जाऊन येतात आणि तेवढ्यावर विषय संपतो.

म्हणून समितीपुढे दोन गोष्टी ठेवतो. पहिली, वारसा मंडळाला मंडळाच्या नावाने एक पत्र: इथे राहणाऱ्या पासधारकांसाठी गार्डन्स बाय द बेची व्याख्या लावावी, आणि सुरुवात कॅम्बेल लेनपासून करावी. इतर भारतीय मंडळांच्या सह्या मिळाल्या तर उत्तम. दुसरी, महिन्यातून एका रविवारी सकाळी एकच दालन, फक्त अर्धा तास, मराठीतून. पासवाल्या सभासदांचे आणि त्यांच्या मुलांचे तिकीट मंडळाच्या खर्चात धरावे. दिवाळीच्या फराळाच्या खर्चापुढे तो आकडा किरकोळ ठरेल. पहिल्या खेपेला बुडालेले जहाज घ्यावे. ज्यांना पत्राच्या मसुद्याला हात लावायचा असेल, किंवा एखादे दालन मराठीतून समजावून सांगायची तयारी असेल, त्यांनी पुढच्या स्नेहसंमेलनात चहाच्या वेळी नावे द्यावीत.