टेप आमच्या विहिरीत, आकडा त्यांच्या वहीत

आमच्या विहिरीच्या काठावरच्या एका दगडावर पिवळ्या रंगात नंबर टाकलेला होता. रंग उडाला की पुन्हा मारून जायचे. वर्षातनं चार वेळा, जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात, सरकारी कचेरीचा एक माणूस यायचा. आधी जीपमधनं, पुढं फटफटीवरनं. काठावर वाकून टेप आत सोडायचा, टेपला पाणी लागलं की आकडा वहीत टिपायचा, आईच्या हातचा चहा प्यायचा आणि जायचा. विहीर आमची, चहा आमचा. आकडा तेवढा त्यांचा.

कचेरीचं नाव मी घेत नाही. येणारी माणसं वाईट नव्हती, उन्हातान्हाची यायची, इमानानं मोजायची. माझं भांडण त्यांच्याशी नाही. भांडण आहे ते त्या रिवाजाशी. आमच्या रानात येऊन आमच्याच पाण्याचं, मातीचं, खडकाचं संशोधन करायचं आणि निघालेलं उत्तर आम्हाला सोडून सगळ्या जगाला सांगायचं, हा तो रिवाज. या रिवाजानं माझं काय झालं आणि माझ्या हातनं दुसऱ्याचं काय झालं, ते सांगतो.

आमचं गाव माण तालुक्यात. पाऊस कमी, दगड जास्त. 1972 च्या दुष्काळात मी तेरा वर्षांचा होतो. आईबरोबर खडी फोडायला जायचो, कामावर सुकडी मिळायची. विहिरींचे तळ उघडे पडले होते. त्याच दुष्काळात आणि त्याच्या मागच्या वर्षांत बोर पाडणारी मशिनं खेड्यापाड्यांत फिरायला लागली. ती पिण्याच्या पाण्यासाठी आली होती, हे आज पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. तहानेसाठी आलेलं मशीन पुढं उसासाठी राबायला लागलं.

आमचे आबा निरक्षर. पण पाण्याचा हिशेब त्यांच्याकडं होता. विहिरीला दगडी पायऱ्या आहेत. दिवाळीला आणि पाडव्याला आबा पाण्याबाहेर उघड्या पडलेल्या पायऱ्या मोजायचे. दिवाळीला पाचापेक्षा जास्त पायऱ्या उघड्या असल्या तर गहू नाही, नुसती शाळू. पाडव्याला अकरावी पायरी दिसली की उन्हाळी भुईमुगाचं नाव काढायचं नाही. आईनं कितीही म्हटलं तरी आबा ऐकत नसत. आज ज्याला पाण्याचा ताळेबंद म्हणतात, तो आबांनी पायऱ्यांवर मांडलेला होता.

मोटर आली आणि पायऱ्या मोजणं सुटलं. बटण दाबलं की पाणी येतंय, मग विहिरीत वाकून बघायचं कशाला? बघत होता तो फक्त टेपवाला.

2003 चा दुष्काळ आला. जनावरं छावणीला, पोरं पुण्याला. विहिरीला चिखल तेवढा उरला. मी बोर घ्यायचं ठरवलं. पायाळू पाणाड्या आणला. त्यानं तळहातावर नारळ धरला, रानातनं फिरला. एका जागी नारळ उभा राहिला. म्हणाला, "मालक, हितं नदी हाय खाली." बोर साडेतीनशे फूट गेला. फुफाटा उडाला. दुसरा चारशे, फुफाटा. असे सात बोर पाडले. पाच कोरडे, एकाला दोन महिने पाणी, एकाला दोन इंची. त्या दोन इंचीच्या जिवावर दुष्काळ सरल्यावर एकरभर ऊस लावला. सोसायटीचं कर्ज, सावकाराचं कर्ज, बायकोच्या पाटल्या, सगळं त्या सात भोकांत गेलं.

आमच्या बांधाला लागून चुलतभावाची विहीर. आम्ही त्याला बापू म्हणतो. बहात्तरला सगळ्या विहिरी आटल्या तेव्हाही त्या विहिरीत घागर बुडत होती. माझा ऊस कमरेला लागला त्या साली ती आटली. माझं बोर तिच्यापासनं चाळीस पावलांवर. कोर्टात हे सिद्ध होणार नाही. बापू मला काही बोललाही नाही. एक दिवस वैनी डोक्यावर हंडा घेऊन आमच्या बोरवर पाण्याला आली आणि मला बघून तिनं पदर पुढं ओढला. त्या दिवशी मला कोर्टाची गरज उरली नाही.

पुढं टेपवाला आला तेव्हा मी त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. नवीन पोरगा होता. म्हटलं, "साहेब, त्या वहीत काय लिवता ते एकदा दावा की." त्यानं मागची पानं दाखवली. माझ्या विहिरीचे सगळे ऑक्टोबर एका खाली एक लिहिलेले. पावसाळा संपल्यावर विहीर जिथवर भरते, ती रेघ दहा-बारा वर्षं खाली खाली चालली होती. एखाद्या साली चार बोटं वर यायची, पुढच्या साली हातभर खाली.

मी म्हटलं, "हे मला आधी का न्हाई सांगितलं?"

तो म्हणाला, "काका, आम्ही वर कळवतो."

वर कळवतो! पाणी खाली, रान खाली, माणूस खाली, आणि कळवायचं वर. ते एक पान मला 2000 साली दाखवलं असतं, तर सात बोर पाडले नसते असं मी छातीवर हात ठेवून सांगत नाही. दुष्काळात माणसाची मती जाते. पण ऊस लावला नसता. एवढं नक्की.

आता खडकाचं सांगतो, कारण सगळी गोम तिथंच आहे. 1975 ला नव्या दहावीची पहिली तुकडी परीक्षेला बसली, त्यात मी होतो. दख्खनचं पठार लाव्हारसाचं, हे भूगोलात पाठ होतं, पाचपैकी पाच मार्क. पण तो लाव्हारस म्हणजे माझ्या विहिरीत दिसतो तोच काळा पाषाण, हे गुरुजींनी सांगितलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. महाराष्ट्राची ऐंशी टक्क्यांहून जास्त जमीन या कातळावर बसलीय. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, भाकरीच्या चवडीसारखा. थराच्या वरच्या अंगाला बुडबुड्यांची भोकं, तो आपला मांजऱ्या. खालच्या अंगाला घट्ट पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठं कुठं तांबडी गेरूसारखी माती. पाणी राहतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या चिरांत. खाली नदीबिदी काही नाही.

आणि राहतं तरी किती? भूजलाचा हिशेब करणारे आपल्या खडकासाठी दोन टक्क्यांच्या आसपासचा आकडा धरतात. म्हणजे शंभर घमेली ओला खडक निथळला तर दोन घमेली पाणी. आता गुणाकार करा. एका एकराखालची पाण्याची पातळी एक मीटर उतरली तर त्यातनं निघतं साधारण ऐंशी हजार लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरच्या आठ खेपा. पाटानं ऊस काढायचा तर वर्षात दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. अर्धा मीटर पावसानं दिलं असं धरलं तरी दीड मीटर उरलं. ते एकराला होतं साठ लाख लिटर, सहाशे टँकर. म्हणजे माझ्या एक एकर उसासाठी पंचाहत्तर एकराखालचं पाणी मीटरभर उतरायला पाहिजे. माझी जमीन सहा एकर. उरलेलं पाणी कुणाचं होतं? बापूचं होतं, आणि त्याच्या पलीकडच्यांचं.

हा हिशेब सातवीच्या पोराला येतो. पण तो गावात कुणी येऊन मांडला नाही. परिषदांत मांडला असेल, अहवालांत छापला असेल. आमच्या पारावर नाही.

यावर शिकलेल्या माणसांची उत्तरं ठरलेली असतात. पहिलं उत्तर, शेतकऱ्याला शास्त्र कळत नाही. अहो, डेअरीत रोज सकाळी आमची बाई फॅट आणि एसएनएफ वाचते आणि पॉइंट कमी लागला तर चेअरमनशी भांडते. डाळिंबवाला औषधाची मात्रा मिलीलिटरात मोजतो. ज्या आकड्यावर पैसा आहे तो आकडा आम्हाला कळतो. मग ज्या आकड्यावर जीव आहे तो कळणार नाही?

दुसरं उत्तर, आता सगळं मोबाईलवर बघायला मिळतं. मिळतं, पण तालुक्याची सरासरी मिळते. या खडकात सरासरी काय कामाची? शंभर पावलांवरच्या दोन विहिरींचं एकमेकींशी पटत नाही. एकीला चीर लागलेली असते, दुसरी कोरड्या पाषाणात बसलेली असते. मला माझ्या ओढ्याच्या, माझ्या शिवाराच्या विहिरींचा आकडा पाहिजे, आणि तो रब्बीची पेर व्हायच्या आधी पाहिजे. पेर झाल्यावर आलेला आकडा म्हणजे वरात गेल्यावर आलेला वाजंत्री.

तिसरं उत्तर, कायदा केलाय. केलाय खरा. 2009 चा महाराष्ट्राचा भूजल कायदा सांगतो की शेतीसाठी साठ मीटरपेक्षा खोल जायचं नाही. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. आमच्या शिवारात पाचशे-सातशे फुटांची बोरं आहेत, माझीही होती. रात्री मशीन येतं, पहाटे जातं, रॉड मोजायला कुणी नसतं. ज्या गावाला आपलं पाणी किती हेच ठाऊक नाही, ते गाव कायदा कुठल्या तोंडानं पाळणार?

आता आपल्या लोकांकडं वळतो, नाहीतर म्हणाल म्हातारा दुसऱ्यालाच शिव्या देतो. पाणाड्याचं बोट खोटं निघालं तरी आपण पुन्हा त्यालाच बोलावतो. मी सात वेळा बोलावला. का? मी पुष्कळ विचार केला. तो माझ्या बांधावर येतो, माझ्या भाषेत बोलतो, माझ्या तोंडावर उत्तर देतो. ते उत्तर चुकीचं असतं, पण मला दिलेलं असतं. शास्त्रवाल्याचं उत्तर खरं असतं आणि कपाटात असतं. कपाटातल्या खऱ्यापुढं बांधावरचं खोटं दरवेळी जिंकतं. म्हणून अंधश्रद्धेवर भाषणं देणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की आधी कपाट उघडा.

आणि दुसरी गोष्ट. आपल्यालाही आकडा नकोच असतो. आकडा कळला की ऊस मोडावा लागतो, शेजाऱ्याकडं बघावं लागतं. न कळण्यात सोय आहे. ती सोय मी भोगली, म्हणून सांगतो.

हे सगळं होण्यासारखं आहे. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारानं ते केलं. तिथं पाऊस मोजतात, दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावर पिकं ठरवतात. शेतीसाठी बोर नाही, ऊस नाही, केळी नाही. आंध्रातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत सहाशेहून जास्त गावांच्या शेतकऱ्यांनी स्वतः विहिरी मोजल्या, स्वतः हिशेब केला. त्यात बाया होत्या, अंगठेबहाद्दर होते. 2019 ला सरकारनं अटल भूजल योजना काढली, तीतही गावानं ताळेबंद मांडावा असंच म्हटलंय. कागद चांगला आहे. पण ताळेबंद वरनं कुणी भरून आणला आणि सरपंचानं सही केली, तर त्या कागदात आणि जुन्या वहीत फरक काय राहिला?

माझं मागणं मोठं नाही. ज्या विहिरीत टेप सोडाल, तिचा आकडा त्याच दिवशी गावाच्या भिंतीवर लिहा. शेजारी गेल्या दहा ऑक्टोबरांचे आकडे लिहा. शाळेत पावसाचं माप ठेवा, पोरांना मोजू द्या. दिवाळीआधीच्या ग्रामसभेत एवढंच वाचा, की पाऊस इतका, विहिरी इतक्या, गव्हाला पाणी पुरेल की नाही. पुढं कुणाला ऊसच लावायचा असेल तर लावू दे, पण बापूच्या डोळ्याला डोळा देऊन लावू दे.

मी माझ्यापुरतं सुरू केलंय. जुन्या सोंदुराला हात-हातावर गाठी मारल्यात, टोकाला दगड बांधलाय. महिन्याच्या पहिल्या तारखेला माझी आणि बापूची, दोन्ही विहिरी मोजतो आणि देवळाच्या भिंतीवर कोळशानं लिहितो. पुजारी कुरकुरतो. बापूचा थोरला पोरगा गेल्या खेपेला दोर धरायला आला होता. माझं बोलणं एक, पण दोर नीट धरला त्यानं.

टेपवाला अजून येतो. त्याला सांगून ठेवलंय, चहा मिळेल, पण आधी भिंतीवर आकडा लिहायचा, मग चहा.