खाते कोणाच्या नावावर?

जुलै-ऑगस्ट आला की चेन्नईच्या गिंडी भागात अधूनमधून मराठी कानावर पडू लागते. इथे अण्णा विद्यापीठाचे गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. त्याची परंपरा थेट १७९४ सालच्या भूमापन शाळेपर्यंत पोचते. जवळच, गिंडीच्या राष्ट्रीय उद्यानाला लागून, १९५९ साली सुरू झालेली आयआयटी मद्रास. नागपूर, पुणे, सोलापूरकडचे आईवडील मुलांना घेऊन इथे उतरतात. सामानात बॅगा, लाडू-चिवड्याचे डबे आणि नवाकोरा लॅपटॉप.

हा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू कोणी केला, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. तो पडायला हवा.

नवे यंत्र चालू केले की ते भाषा विचारते, वाय-फाय विचारते आणि मग अडून बसते. आधी कंपनीचे ऑनलाइन खाते उघडा, मगच पुढे! विंडोज ११ च्या घरगुती आवृत्तीत २०२१ पासून ही अट आहे. २०२२ मध्ये वैयक्तिक वापराच्या 'प्रो' आवृत्तीलाही ती लागली. जाणकार मंडळी एखादी आज्ञा टाइप करून सुटका करून घेत. मायक्रोसॉफ्टने २०२५ च्या मार्चमध्ये, आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये, आपल्या चाचणी आवृत्त्यांतून या पळवाटा बुजवायला घेतल्या. अशा आडवाटेने गेल्यास महत्त्वाचे टप्पे राहून जातात आणि यंत्र अर्धवट तयार होते, असे कंपनीचे म्हणणे. ते अगदीच खोटे नाही. पण अॅपलच्या मॅकवर 'नंतर करू' म्हणून पुढे जाता येते. सी-डॅकने चेन्नईतच घडवलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली तर नाव आणि पासवर्ड यांवर समाधान मानते. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूने घरमालकालाच दारात उभे करून ओळख विचारावी, हे काही पटत नाही.

खरी गोम पुढेच आहे. घाईत असलेला दुकानदार स्वतःच्याच ईमेलवर खाते उघडून देतो, किंवा तिथल्या तिथे एक पत्ता तयार करतो. बाबांना वाटते, काम झाले. मुलगा गिंडीला येतो, चार महिने प्रयोगांच्या वह्या, प्रकल्प, फोटो सारे त्यातच साठते. विंडोज ११ च्या २०२४ च्या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या नव्या यंत्रातील मजकूर बहुधा आपोआप कुलूपबंद होतो. चोरी झाली तर ही सोय फार मोलाची. मात्र कुलपाची ४८ अंकी किल्ली त्या ऑनलाइन खात्यात जाऊन बसते. एखाद्या दिवशी, दुरुस्तीनंतर वगैरे, यंत्राने ती किल्ली मागितली आणि खाते सोलापूरच्या दुकानदाराचे निघाले, तर परीक्षेच्या आदल्या रात्री त्या पोराने काय करावे?

म्हणून खोके घरीच उघडावे. खाते उघडायचेच असेल तर ज्याचे यंत्र त्याच्याच ईमेलवर, त्याच्याच मोबाइल क्रमांकावर. ज्यांना खाते नकोच त्यांना नंतरही मार्ग आहे: सेटिंग्जमधील 'अकाउंट्स'मध्ये जाऊन यंत्रापुरत्या स्थानिक खात्यावर येता येते. तसे करण्याआधी ती किल्ली मात्र उतरवून घ्यावी. 'वनड्राइव्ह'कडेही लक्ष असू द्यावे. कित्येकदा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि फोटो आपोआप तिकडे जाऊ लागतात, आणि फुकटची जागा असते ५ जीबी. ती भरली की पैसे मागणाऱ्या सूचना सुरू.

आपल्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त आणि बिनशर्त असावी असे म्हटले आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागेल, आणि वसतिगृहात पाऊल ठेवणारी कितीतरी मुले सतराचीच असतात. 'पुढे जा' या बटणाला बिनशर्त संमती म्हणायचे का, हे तेव्हा कोणीतरी विचारीलच.

तोवर ते ४८ अंक कागदावर लिहून काढा. एक प्रत मुलाच्या पेटीत, दुसरी घरी, दहावीच्या गुणपत्रिकेच्या फाइलमध्ये.