परिचय-सप्ताहाची हजेरी

नवी दिल्लीतील कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, मराठी वाचकांना मुख्यतः 2013 साली उद्घाटन झालेल्या नव्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक आहे; परंतु याच रस्त्यावर भारतीय विद्या भवन, ब्रिटिश कौन्सिल, जर्मन भाषा शिकवणारे मॅक्स म्युलर भवन आणि अमेरिकन सेंटर या संस्थाही आहेत. लातूरहून किंवा चंद्रपूरहून दिल्लीत पदवीसाठी आलेल्या मुलामुलींना त्यांचा उपयोग कसा करून घ्यावा हे प्रवेशपत्रावर लिहिलेले नसते, आणि घरात पूर्वी कोणी महाविद्यालयात गेलेले नसेल तर ते सांगणारेही कोणी नसते. महाविद्यालयाच्या आत तर अशा न लिहिलेल्या गोष्टी कितीतरी अधिक असतात, आणि त्या सांगण्यासाठीच पहिल्या दिवसांतील ओरिएन्टेशन, म्हणजे नवागतांना संस्थेची माणसे, नियम व सोयी यांची ओळख करून देणारा परिचय-सप्ताह, योजलेला असतो. तरीही ‘शिकवणे तर नंतर सुरू होणार’ असे म्हणून तो चुकवणारे विद्यार्थी आणि तसा सल्ला देणारे पालक पुष्कळ आढळतात.

हा सल्ला किती महाग पडतो हे दिल्ली विद्यापीठाच्या 2022 पासून लागू झालेल्या अभ्यासक्रम-आराखड्याकडे पाहिले की ध्यानात येते. त्यात प्रत्येक सत्राला 22 श्रेयांक असतात (श्रेयांक म्हणजे अभ्यासाच्या तासांवरून ठरणारे मोजमाप), आणि पहिल्या सत्रात त्यांपैकी 12 मुख्य विषयाचे असले तरी उरलेल्या 10 मध्ये दुसऱ्या विद्याशाखेतील ऐच्छिक विषय, भाषा-क्षमता, कौशल्य आणि मूल्यवर्धन असे चार वेगवेगळे अभ्यासक्रम येतात. यांतील बरीच निवड पहिल्याच दिवसांत करावी लागते, जागा मर्यादित असतात, आणि कोणता विषय पुढील सत्रांत उपयोगी पडेल, दोन वर्षांनी पदविका घेऊन बाहेर पडायचे की 176 श्रेयांकांची चार वर्षे पूर्ण करायची, हे प्रश्न त्या निवडीशी जोडलेले असतात. संकेतस्थळावर माहिती असते हे खरे, पण माहिती समोर असणे आणि आपल्याला नेमके काय विचारायचे आहे हे उमगणे यांत मोठे अंतर आहे. ते अंतर विभागातील प्राध्यापकांसमोर बसून, शेजारच्याने विचारलेला प्रश्न ऐकूनच कमी होते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ व्हिन्सेन्ट टिंटो यांनी विद्यार्थी शिक्षण अर्धवट का सोडतात याची उपपत्ती 1975 साली मांडली, आणि पुढे 1987 च्या आपल्या ग्रंथात तिचा विस्तार करताना मानववंशशास्त्रज्ञ आर्नोल्ड व्हान गेनेप यांच्या संक्रमण-विधींच्या कल्पनेचा आधार घेतला: जुन्या समूहापासून विलग होणे, मधल्या अवस्थेतून जाणे आणि नव्या समूहात सामावले जाणे. विद्यार्थी बहुधा मधल्या अवस्थेत गळतात, कारण जुने घर सुटलेले असते आणि नवे अजून आपले झालेले नसते. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ही अवस्था अधिक कठीण होते: वर्गातील इंग्रजी वेगाने जाते, वसतिगृहातील हिंदी ओळखीच्या हिंदीपेक्षा निराळी वाटते, आणि चुकू या भीतीने बोलणेच थांबते. सर्वच जण अनोळखी असतात तो काळ सप्ताहभराचाच असतो. त्यानंतर गट जमून जातात आणि उशिरा येणाऱ्याला त्यांत शिरण्यासाठी दुप्पट धीर लागतो.

भारतात नवागतांच्या या अडचणीची अधिकृत दखल उशिरा घेतली गेली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी तीन आठवड्यांचा प्रवेशोत्तर कार्यक्रम आखला, ज्यात नियमित तास न घेता व्यायाम, कला, परिसरभेटी आणि सुमारे 20 विद्यार्थ्यांच्या गटामागे एक मार्गदर्शक प्राध्यापक अशी रचना होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ या नावाने तीच कल्पना सर्व शाखांना सुचवली. यातील खरे मोलाचे अंग म्हणजे तो लहान गट. दोन तासांच्या भाषणांनी सभागृह भरते, पण ताप आल्यावर किंवा शुल्क थकल्यावर ज्यांच्याकडे जाता येईल असे एक प्राध्यापक नावाने ओळखीचे असणे ही निराळीच शिदोरी आहे, आणि ज्या महाविद्यालयांत हा कार्यक्रम एका सकाळच्या स्वागत-समारंभावर उरकला जातो तेथे विद्यार्थ्यांचे नुकसानच होते. हा परिचय सुरक्षिततेसाठीही लागतो: हिमाचल प्रदेशात 2009 मध्ये एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा रॅगिंगमध्ये मृत्यू झाल्यानंतर आयोगाने त्याच वर्षी प्रतिबंधक विनियम केले. तक्रार कोठे करायची, हे नवागतांना आधीच ठाऊक असेल तरच अशा नियमांना अर्थ राहतो.

उरतो उशिरा प्रवेश मिळणाऱ्यांचा प्रश्न. सामाईक प्रवेशपरीक्षेवरून जागावाटप होऊ लागल्यापासून दिल्ली विद्यापीठाचे पहिले सत्र 2022 मध्ये नोव्हेंबरात सुरू झाले, तर 2025 मध्ये 1 ऑगस्टला. शिवाय तास सुरू झाल्यानंतरही रिक्त जागांच्या फेऱ्या चालू राहतात. त्या फेऱ्यांतून येणारा दूरच्या जिल्ह्यातील विद्यार्थी परिचय-सप्ताहाला मुकतो, आणि त्याची गरज बहुतेक वेळा त्यालाच सर्वाधिक असते. म्हणून प्रत्येक महाविद्यालयाने शेवटच्या फेरीनंतर हा कार्यक्रम, लहान स्वरूपात का होईना, पुन्हा घेतला पाहिजे. आणि पालकांना आग्रहाची विनंती अशी, की प्रवेश निश्चित होताच संकेतस्थळावर ओरिएन्टेशनची तारीख पाहावी आणि रेल्वेचे आरक्षण पहिल्या तासाच्या नव्हे, त्या तारखेच्या हिशेबाने करावे.