पंप ओढ्यात धुऊ नका

वेल्हे-भोरच्या शेतकरी बंधूंनो, मायबहिणींनो,

मृग तोंडावर आला. बांधावरच्या तणासाठी पाठीवरचे पंप बाहेर निघतील. बेणणीला माणूस मिळत नाही, तेव्हा फवारणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. मागणे एवढेच, की काम उरकल्यावर पंप ओढ्यात किंवा विहिरीच्या काठावर धुऊ नका.

फवारलेले तणनाशक शेतभर पसरते. पंपाचे धुवण मात्र एकाच जागी, दाट, सरळ पाण्यात जाते. आपला पाऊस ते वाहून नेतो. पानशेत-वरसगावच्या पाणलोटातले खडकवासल्यातून पुण्याच्या नळांना, गुंजवणीचे नीरेला आणि त्याआधी आपल्याच गुरांच्या तोंडी.

हे विष फोडणारी बुरशी आपल्या परसातच आहे. कुजक्या लाकडावर पांढरी जाळी धरते, ती. लाकडातले चिवट लिग्निन तोडायला ती जी विकरे सोडते, ती ॲट्राझिनसारख्या तणनाशकांचे रेणूही तोडू शकतात. या जातीच्या बुरशीने डीडीटी फोडल्याचे अमेरिकी संशोधकांनी 1985 साली ‘सायन्स’मध्ये दाखवले. स्वीडनमध्ये 1990 च्या दशकात पंप भरण्या-धुण्यासाठी याच तत्त्वावरचे खड्डे आले.

तसाच खड्डा प्रत्येक वाडीत हवा. विहीर-ओढ्यापासून लांब, दोन फूट खोल. तळाला चिकणमातीचा थर. वर दोन पाट्या पेंढा, एक पाटी माती, एक पाटी पुरते कुजलेले खत, या मापाने भरायचे आणि माथ्यावर गवत लावायचे. पंप त्यावरच भरायचा, त्यावरच धुवायचा. स्वीडनमध्ये नसलेली एक गोष्ट मात्र आपल्याला लागेल, ती म्हणजे डोक्यावर पत्रा. या बुरशीला हवा लागते. पावसाने खड्डा तुंबला की ती गुदमरते. म्हणूनच पाण्याने भरलेली भातखाचरे ती साफ करील, या आशेवर राहू नका. पॅराक्वाट या तणनाशकापुढेही तिचे फारसे चालत नाही. ते मातीला घट्ट चिकटून बसते.

धिंगरी अळिंबी करणाऱ्या बचत गटांनो, काढणी संपलेले बेड फेकू नका, खड्ड्यात मोडून टाका. धिंगरी याच कुळातली. नव्याने सुरुवात करायची असेल, तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधन प्रकल्प आहे, तिथे चौकशी करा. खड्ड्यावर उगवलेली अळिंबी मात्र कोणी तोंडात घालू नये. पोरांना आजच सांगून ठेवा.

सरपंचांनी येत्या ग्रामसभेत जागा ठरवावी. उडवीत उरलेला पेंढा जाळू नका, चार भारे बाजूला काढा. पत्रा नसेल तर ताडपत्री चालेल, पण पहिला पाऊस पडण्याआधी.