कल्ले लावलेले एल्फ

पाण्यात राहणारे एल्फ करण्याची एक सर्वमान्य कृती आहे. जमिनीवरचा एक उंच, सडपातळ, निवडक एल्फ घ्यावा. त्याला हिरव्या-निळ्या रंगात बुडवून काढावा. मानेवर दोन्ही बाजूंनी तीन-तीन चिरा द्याव्यात आणि त्यांना कल्ले म्हणावं. केसांत शिंपले खोवावेत, हातात त्रिशूळ द्यावा, शोभेला शेजारी एक डॉल्फिन ठेवावा आणि लगेच वाढावा. पाणी चवीपुरतं.

माझं भांडण आहे ते ह्या चवीपुरत्या पाण्याशी.

ज्यांच्या घरी विशीतलं कोणी नाही, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करतो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा एक खेळ काढला. ह्यात सारीपाटासारखा पट लागतोच असं नाही, सोंगट्याही नसल्या तरी चालतं. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. थोडक्यात कीर्तनच, फक्त श्रोते मधूनच उठून ‘मी आता कंसाची शेंडी धरतो’ म्हणतात, आणि शेंडी हाताला लागली की नाही हे वीस बाजूंचा एक फासा ठरवतो. माझी भाची दर रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर बुवा होऊन बसते. समोर चार श्रोते आणि अखंड चिवडा. मध्यंतरी ती म्हणाली, “मामा, मला पाण्यात राहणारी एल्फांची एक जमात करायचीये. तू शाळेत विज्ञान शिकवायचास ना? जरा बघ की.”

मी बघितलं. तेव्हापासून माझी झोप उडाली आहे.

एल्फ म्हणजे नाताळच्या कार्डावरचा टोपीवाला बुटका नव्हे. ह्या खेळातला एल्फ टोल्किनच्या वळणाचा: देखणा, दीर्घायुषी, टोकदार कानांचा आणि आपण देखणे आहोत हे पक्कं ठाऊक असलेला. खुद्द टोल्किनकडे समुद्रावर जीव असलेले एल्फ आहेत. त्यांचं नाव तेलेरी. पण ह्या गृहस्थाने त्यांना पाण्यात कोंबलं नाही. ते किनाऱ्यावर राहतात आणि हंसाच्या आकाराची जहाजं बांधतात. तेलेरींची हकीकत सांगणारं ‘द सिल्मारिलियन’ १९७७ साली आलं. त्याच वर्षी ह्या खेळाचं ‘मॉन्स्टर मॅन्युअल’ बाहेर पडलं. त्यात सागरी एल्फ आहेत: मानेला कल्ले, हिरवट-चंदेरी कातडी, हिरवे किंवा निळसर-हिरवे केस, डॉल्फिनशी मैत्री. म्हणजे वरची कृती माझ्या पदरची नाही. ती चांगली पन्नाशीला आलेली आहे, आणि अजून लोक त्याच कढईत तेच तळताहेत.

आता कल्ले. आमच्या पिढीला कल्ले म्हटलं की सत्तरच्या दशकातल्या नटांचे कानशिलावरून जबड्यापर्यंत उतरलेले केस आठवतात. एल्फाच्या मानेवरच्या चिरांचा उपयोगही तेवढाच, म्हणजे केवळ फॅशनपुरता. हिशेब करून बघा. एक लिटर हवेत सुमारे २१० मिलिलिटर प्राणवायू असतो. एक लिटर समुद्राच्या पाण्यात जेमतेम पाच-सहा. आपल्यासारखा गरम रक्ताचा प्राणी नुसता आढ्याकडे बघत पडून राहिला, तरी मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर प्राणवायू खातो. म्हणजे पाण्यातला कण न् कण पिळून घेतला, तरी मिनिटाला ४५ लिटर पाणी त्या चिरांतून वाहायला हवं. चांगल्या तीन बादल्या! आणि हे झालं लोळत असताना. त्रिशूळ घेऊन लढायला उठला की दहापट. शिवाय कल्ला म्हणजे रक्त आणि पाणी ह्यांच्यामधला अतिशय पातळ पडदा. त्यातून प्राणवायू आत येतो तशी ऊब बाहेर जाते, आणि ऊब पळवण्यात पाणी हवेपेक्षा पंचवीसपट तरबेज. म्हणून बहुतेक मासे गरम रक्ताच्या भानगडीत पडतच नाहीत.

जे थोडे पडले, त्यांच्याकडे बघावं. ट्यूना, ज्याला कोकणात कुपा म्हणतात तो, आपले स्नायू उबदार ठेवतो. त्याची किंमत काय देतो? तो तोंड उघडं ठेवून पोहत राहतो, म्हणजे पाणी आपोआप कल्ल्यांतून जातं. दिवसरात्र, जन्मभर. थांबायची सोय नाही. थांबला की गुदमरला.

हे वाचलं आणि मी भाचीला रात्री साडेदहाला फोन केला. कारण इथे जमात सापडली होती! कधीच न थांबणारे, सतत तोंड उघडं ठेवून फिरणारे एल्फ. (देखणेपणाला थोडा धक्का बसतो, पण बसू दे. तो धक्का पन्नास वर्षं तुंबला होता.) विचार करा, ह्या लोकांत खुर्ची नाही. सिंहासन नाही, कारण राजा बसणार कसा? सभा भरली तर सगळी सभा गोल-गोल फिरणार. प्रेमिकांनी एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं तर वेग जुळवून पोहायला हवं. आणि आपल्याकडे दारात कोणीही आलं की पहिला शब्द काय? ‘या, बसा.’ अख्खी मराठी संस्कृती ह्या दोन शब्दांवर उभी आहे, किंवा बसली आहे. ह्या एल्फांच्या भाषेत ‘बस’ म्हणजे ‘मर’. आता ह्या एका शब्दावरून दोन जमातींचं युद्ध होऊ शकतं की नाही? शिंपले खोवून होईल?

कानांचं तसंच. टोकदार कान हा एल्फाचा ट्रेडमार्क. पण पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेत ३४०. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण तो दोन कानांवर किती अंतराने आदळतो त्यावरून बरंचसं ओळखतो. पाण्यात ते अंतर इतकं कमी होतं की आवाज सगळीकडूनच आल्यासारखा वाटतो. डॉल्फिनला बाहेरचे कान नाहीतच. तो खालच्या जबड्यातून ऐकतो. तेव्हा कान कापा म्हटलं, तर भाचीच्या एका मैत्रिणीने “मग तो एल्फ कसला?” असा सवाल टाकला. तो सवाल चांगला होता. मी म्हटलं, ह्यावर त्यांच्यातच दोन तट पडू देत. एक तट म्हणेल, कान हीच आपली ओळख. दुसरा म्हणेल, कान म्हणजे पोहताना नुसतं ओझं. अशा वादावर पिढ्या काढलेल्या जमाती मी पाण्याबाहेरही पाहिल्या आहेत.

रंगाबद्दल फार बोलत नाही. पाण्यात तांबडा रंग पहिल्या दहाएक मीटरांतच विरतो. म्हणून खोल पाण्यातले कितीतरी जीव लालभडक असतात. तिथे लाल म्हणजे काळा, म्हणजे अदृश्य. तेव्हा तिथल्या हेराला काळी कफनी नको, लाल शालू द्या. एवढं सोपं आहे. पण नाही, हिरवट-चंदेरी!

आणि विस्तव? हा प्रश्न कोणीच विचारत नाही. पाण्यात चूल पेटत नाही, भट्टी पेटत नाही. मग त्रिशुळाचं लोखंड कुठून आलं? मडकं कुठे भाजलं? म्हणजे ह्या अतिप्राचीन, अतिसुसंस्कृत, नाक वर करून बोलणाऱ्या लोकांना एका सुरीसाठी किनाऱ्यावरच्या लोहाराकडे जावं लागणार आणि तो सांगेल तो भाव द्यावा लागणार. लोहाराच्या पडवीत ताटकळलेला राजपुत्र मला प्रवाळाच्या महालातल्या राजपुत्रापेक्षा शंभरपट आवडेल. तोही ताटकळताना येरझारा घालत असणार.

इथे नेहमीचं उत्तर येतं: “अहो, जादू आहे!” हे उत्तर देणाऱ्यांना मी वर्गाबाहेर उभं करत असे. जादू उधारीसारखी वापरावी. एकदा घ्यावी आणि मग जन्मभर व्याज भरावं. जिथे अडलं तिथे नवी उधारी काढणाऱ्याच्या गोष्टीवर कोण विश्वास ठेवणार? खऱ्या माणसांना जादू मिळत नाही, तरी पाणी त्यांना घडवतंच. कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या बायका आहेत. पाठीवर हवेची टाकी न घेता त्या समुद्राच्या तळाशी जाऊन शिंपले काढतात, आणि वर आल्या की शिट्टीसारखा आवाज करत श्वास सोडतात. त्या शिट्टीला त्यांच्या भाषेत वेगळं नाव आहे. बजाऊ म्हणून आग्नेय आशियात दर्यावर जगणारे लोक आहेत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्यांच्या प्लीहा शेजारच्या गावकऱ्यांपेक्षा सुमारे दीडपट मोठ्या निघाल्या. त्यांना ना कल्ले आहेत, ना शेपूट. पाण्याने आत, पोटात शिरून बदल केला आहे. आणि आपला एल्फ? शेकडो वर्षं पाण्यात राहून त्याच्या फक्त केसांचा रंग बदलला!

सगळ्यात राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. ह्याच खेळात सहुआगिन म्हणून समुद्रातले दुष्ट लोक आहेत, एल्फांचे हाडवैरी. त्यांना पाणी बरोबर मिळालं आहे. रक्ताचा वास आला की ते पिसाळतात, शार्कशी मनातल्या मनात बोलतात, आणि २०१४ च्या नियमांनुसार त्यांना दर चार तासांनी पाण्यात बुडी मारावीच लागते, नाहीतर गुदमरतात. म्हणजे खलनायकाला शरीर आहे, गरज आहे, भूक आहे. नायकाला रंग आहे. परका करायचा म्हटला की आपली कल्पनाशक्ती दुप्पट चालते, आणि आपला करायचा म्हटला की आरशासमोर जाऊन उभी राहते.

पूर्वी असं नव्हतं. २००३ च्या नियमांत सागरी एल्फ पाण्याबाहेर मोजकेच तास जगे. काटकपणाचा जो आकडा, तेवढे तास. काटकपणा बारा, तर बारा तास. २०१८ साली नव्या पुस्तकात तो हवेतही श्वास घेऊ लागला आणि पाण्यातही. तासबीस काही नाही. कारण मला ठाऊक आहे, आणि ते अगदीच खोटं नाही. पाच जण मिळून खेळतात. एकाला दर बारा तासांनी तळं शोधावं लागलं, तर बाकीच्या चौघांचा खोळंबा होतो. खेळ सगळ्यांचा असतो. बरोबर. पण ह्या सोयीने काय केलं? समुद्र ही त्या एल्फाची गरज राहिली नाही, छंद झाला. रविवारी तरणतलावावर जाणारे गृहस्थ असतात, तसा.

आमची आजी मधुमेही होती. एका मे महिन्यात तिला घेऊन आम्ही नऊ जण काशीला निघालो. तिचं इन्शुलिन बर्फात ठेवावं लागे. थर्मासातला बर्फ वितळे, आणि मग भुसावळला काका उतरून बर्फासाठी धावले, इटारसीला वडील, जबलपूरला एका सोडावॉटरवाल्याने पैसे न घेता खडा फोडून दिला. नऊ माणसांच्या प्रवासाचं वेळापत्रक एका बाटलीने ठरवलं. खोळंबा म्हणाल तर तो होताच, आणि आजीला त्याचा संकोचही वाटे. काशीचे घाट मला आज नीटसे आठवत नाहीत. जबलपूरचा तो खडा, आणि तो डब्यात पोचेपर्यंत आम्ही सगळ्यांनी रोखून धरलेला श्वास, दोन्ही आठवतात. आजीच्या आजाराची कोणी ‘सोय’ करून टाकली असती तर तिचं भलंच झालं असतं, ह्यात वाद नाही. पण खेळात माणसं आपण हौसेने घडवतो. तिथे तरी कोणाची तरी गरज सगळ्यांच्या वाटेत आडवी येऊ द्या की!

भाचीने शेवटी माझं निम्मं ऐकलं, हे प्रमाण आमच्या घराण्यात चांगलं समजतात. कान तिने ठेवले. बारा तास मात्र परत आणले. तिचा एल्फ जमिनीवर आला की खांद्याला पखाल लावतो, मानेवर पाण्याची धार धरतो आणि चालत राहतो. बाकीचे चौघे आता कुठेही निघायच्या आधी विहिरी कुठे आहेत ते विचारतात.

गेल्या रविवारी मंडळी एका खाणावळीत पोचली. एल्फ झालेला मुलगा इंजिनीअरिंगला आहे. त्याने हे इतकं मनावर घेतलं आहे की तीन तास तो आमच्या फ्रिजमधली बाटली हातात घेऊन टेबलाभोवती खरोखर फेऱ्या मारत होता. त्याचा चिवडासुद्धा फिरताफिरता. खाणावळवाल्याचं काम अर्थातच भाचीकडे. तिने आवाज खाली आणला, एक स्टूल पुढे ओढलं आणि म्हणाली, “दमलेले दिसता पाहुणं. या, बसा.”

त्याचा हात भाल्याकडे गेला. फासा पडला, उसळला आणि घरंगळत टेबलाखाली गेला. चौघंही तो शोधायला खाली वाकली. एल्फ फिरतच होता.