कासवाचा पाहुणचार

महाराष्ट्रातील बहुतेक देवळांत गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते. दर्शनास आलेला मनुष्य आधी त्या कासवास हात लावतो आणि मग देवाकडे वळतो. धीर आणि संयम यांचे ते चिन्ह होय. परंतु चिन्हास मिळणारा मान जिवंत प्राण्याच्या वाट्यास येतोच असे नाही. घरात कासव असले की भरभराट होते, अशी एक समजूत पसरली आहे, आणि तिच्यापायी कित्येक मुकी कासवे काचेच्या पेटीत नाही तर प्लॅस्टिकच्या टबात दिवस कंठीत असतात.

यांपैकी काही कासवे आपल्याच देशाच्या रानातून पकडून आणलेली असतात. पाठीवर पिवळ्या रेषांची नक्षी असलेले ‘स्टार कासव’ हे त्यांतील सर्वांत दुर्दैवी म्हटले पाहिजे. कारण त्याचे सौंदर्यच त्याच्या मुळावर आले आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 अन्वये असे कासव पकडणे, विकणे अथवा घरी ठेवणे हा गुन्हा आहे. कोणाच्या घरी अजाणतेपणे असे कासव आले असेल, तर ते वनखात्याच्या स्वाधीन करावे. महाराष्ट्रात त्यासाठी 1926 हा दूरध्वनी क्रमांक आहे.

शहरांतील माशांच्या दुकानांत मात्र बहुधा दुसरेच कासव दिसते. ते हिरवेगार, रुपयाच्या नाण्याहून थोडेसेच मोठे असते आणि त्याच्या कानांजवळ तांबडी पट्टी असते. हे मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले. ते कायम एवढेच राहील, असे घेणाऱ्यास वाटते. वास्तविक ते वाढून जेवणाच्या ताटाएवढे होते आणि नीट सांभाळल्यास 20 ते 30 वर्षे जगते. आज सहावीत असलेल्या मुलाने ते आणले, तर तो मुलगा पुढे नोकरीला लागून संसारी झाला तरी कासव आहेच! एवढा विचार करून कासव घेणारा मनुष्य विरळा.

कुत्रे भुंकते, मांजर पायांशी घोटाळते. त्यांस काय हवे ते कळते. कासव ओरडत नाही, रडत नाही. ते आजारी पडते तेही निमूटपणे. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्या शरीरात आपल्यासारखी ऊब निर्माण करता येत नाही. ती त्यांना उन्हातून घ्यावी लागते. पुरेशी ऊब नसेल, तर खाल्लेले अन्नही पचत नाही. शिवाय उन्हातील अतिनील किरण अंगावर पडल्यावाचून त्याची हाडे बळकट होत नाहीत. कासवाची पाठ हा काही अंगावर घातलेला अंगरखा नव्हे. ती त्याच्या कण्याशी आणि बरगड्यांशी जोडलेली असते. म्हणूनच अंधाऱ्या स्वयंपाकघरात, भात-पोळीवर पोसलेल्या कासवाची पाठ मऊ पडून वेडीवाकडी होते. खिडकीशी ठेवले म्हणजे भागले, असेही नाही. काचेतून उजेड येतो, परंतु हे उपयोगी किरण बव्हंशी काचेतच अडतात. आणि रत्नागिरीच्या पावसाळ्यात कित्येक दिवस सूर्यदर्शन दुर्मिळ! तेव्हा त्या कासवास खास दिवा हवा, पोहण्यास प्रशस्त व स्वच्छ पाणी हवे, चढून अंग सुकवण्यास कोरडा दगड हवा आणि खाण्यात हिरव्या पाल्याचाही अंश हवा. त्याच्या अंगावर माणसास बाधणारे जंतू असू शकतात. म्हणून त्यास हाताळल्यावर साबणाने हात धुतलेच पाहिजेत. अमेरिकेत याच कारणास्तव 1975 पासून 4 इंचांहून लहान कासवे पाळण्यासाठी विकण्यास बंदी आहे.

“पण आम्ही त्याच्यावर माया करू,” असे कोणी म्हणेल. संतांनी मायेस कासवीच्या दृष्टीची उपमा दिली आहे. ती नुसत्या नजरेने पिलांना पोसते, अशी ती कल्पना. ती गोड खरी, परंतु कासवी अंडी घालून निघून जाते आणि पिलांची तिची गाठही पडत नाही. कुरवाळणे कासवास कळत नाही. त्याला ऊन कळते, पाणी कळते.

कासव नकोसे झाले की लोक ते नदीत वा विहिरीत सोडून देतात आणि आपण पुण्य केले असे समजतात. हे परके कासव तेथील देशी कासवांच्या तोंडचा घास आणि ऊन खाण्याची जागा बळकावते. ज्याने ते आणले, त्याने ते शेवटपर्यंत सांभाळले पाहिजे, अथवा जाणत्या माणसाच्या हवाली केले पाहिजे. ज्याने अद्याप आणलेले नाही, त्याने ते आणू नये, हेच बरे.

मात्र ज्यास कासवाची सेवाच करावयाची हौस आहे, त्याने मंडणगड तालुक्यातील वेळास गावी जावे. तेथील किनाऱ्यावर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवी अंडी घालण्यास येतात. एकेकाळी ती अंडी माणसे आणि कोल्ही-कुत्री पळवून नेत. 2002 पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन त्यांचे रक्षण आरंभले. एका घरट्यात शंभरेक अंडी असतात. ती अलगद उचलून, जाळीच्या कुंपणाआड तितक्याच खोल खड्ड्यात पुरतात आणि सुमारे 50 दिवस वाट पाहतात. पुढचे काम वाळूचे. ती अधिक तापली तर माद्या निपजतात, कमी तापली तर नर.

पिले वर आली की गावकरी ती मोजून टोपलीत घेतात आणि भरतीच्या रेषेपासून थोड्या अंतरावर वाळूत ठेवतात. पाहण्यास आलेली मुले दोरीच्या अलीकडे उभी असतात. कोणी हात लावीत नाही. पिले अडखळत, लाटेने मागे लोटली जात, पुन्हा पाण्याकडे निघतात. त्यांतील फारच थोडी मोठी होतात. परंतु जी होतात, त्यांचा संचार केवढा! 2021 साली ओडिशाच्या किनाऱ्यावर क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी 2025 च्या जानेवारीत गुहागरच्या वाळूत आढळली. तिने तेथे अंडी घातली आणि ती पुन्हा समुद्रात निघून गेली.