बाळाचा कॉट घेण्याआधी स्वतःचा पलंग मोजा

आठवा महिना लागला की घरात याद्या सुरू होतात. दुपटी, लंगोट, टोपडी, बाळंतविडा, हॉस्पिटलची बॅग. आणि मग एक प्रश्न येतो, ज्यावर घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं असतं: बाळ झोपणार कुठे? आई म्हणते, "पाळणा आणू या." सासूबाई म्हणतात, "तान्हं बाळ आईच्या कुशीतच झोपतं, पाळणा कशाला?" मैत्रीण सांगते, "बेडसाइड कॉट घे, सुटशील." आणि तोवर नवऱ्याने मोबाईलवर सहा कॉट पाहून ठेवलेले असतात, सगळे दिसायला सारखेच.

मैत्रिणींनो (आणि मोबाईल हातात घेतलेल्या होणाऱ्या बाबांनो), आज याच कॉटबद्दल बोलू या. घ्यायचा की नाही, घ्यायचा तर काय पाहायचं, आणि परवडत नसेल तर काय करायचं.

बेडसाइड कॉट म्हणजे नेमकं काय?

हा बाळाचा छोटा पलंग. याच्या तीन बाजू उंच असतात आणि चौथी बाजू खाली करता येते. ती बाजू तुमच्या पलंगाला लावायची आणि पट्ट्यांनी कॉट घट्ट बांधायचा. बाळ तुमच्या हाताच्या अंतरावर असतं, पण त्याची गादी वेगळी असते.

ही "वेगळी गादी" महत्त्वाची आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२२ मध्ये सुधारित सूचना दिल्या. त्यांनुसार बाळाने किमान पहिले ६ महिने आईवडिलांच्याच खोलीत, पण स्वतंत्र अंथरुणावर झोपावं. झोपेत अचानक होणारे बाळांचे मृत्यू बहुतेक याच ६ महिन्यांत होतात. शिवाय मोठ्यांच्या पलंगावर मऊ फोमची गादी, उशा आणि रजई असते, आणि शेजारी रात्रभर जागून गाढ झोपलेली माणसं. बाळाचं तोंड-नाक त्यात दबलं तर त्याला मान वळवून सुटका करून घेता येत नाही.

आपल्याकडे बाळ कुशीत घेऊन झोपण्याची सवय जुनी आहे आणि त्यामागची माया खरी आहे. बेडसाइड कॉटमध्ये ती जवळीक बरीचशी टिकते. बाळ कुरकुरलं की हात ठेवता येतो, दूध पाजायला उठून दुसऱ्या खोलीत जावं लागत नाही.

सिझेरियन झालेल्या आईला तर याचा जास्त उपयोग. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशात २१.५ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली. पोटावर ताजे टाके असताना रात्री तीन-चार वेळा उठून, वाकून, खोल पाळण्यातून बाळ उचलणं काय असतं, हे त्या आईलाच विचारा.

आधी टेप घ्या, मग मोबाईल

कॉटचा रंग, चाकं, खेळण्यांचा झुंबर हे सगळं नंतर. हा कॉट एकटा उभा राहत नाही, तो तुमच्या पलंगाला जोडला जातो. म्हणून निवड तुमच्या पलंगापासून सुरू होते.

माझी मावसबहीण बंगळुरूला राहते. तिने कॉट मागवला, जोडला, पलंगाजवळ सरकवला आणि तो वीतभर अंतरावरच अडला. या कॉटचे पाय मोठ्यांच्या पलंगाखाली सरकावे लागतात आणि तिचा होता सामान ठेवायचा बॉक्सचा पलंग, जमिनीपर्यंत बंद. पाय जाणार कुठे? शेवटी कॉट परत पाठवावा लागला. आपल्या शहरी घरांत बॉक्सचे पलंग आणि दिवाण किती आहेत ते आठवा, म्हणजे ही अडचण किती जणींना येत असेल ते लक्षात येईल.

म्हणून हे चार आकडे आधी कागदावर लिहा:

१. जमिनीपासून तुमच्या गादीच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची उंची. गादीवर कुणीतरी बसलेलं असताना मोजा, कारण गादी दबते. कॉटची गादी याच पातळीला यायला हवी.

२. पलंगाखालची मोकळी जागा. पलंग बंद असेल तर ज्याचे पाय पलंगाखाली जात नाहीत असाच कॉट शोधा.

३. पलंगाच्या लाकडी कडेची रुंदी. काही पलंगांची कड गादीच्या बाहेर दोन-तीन इंच येते. मग कॉट कडेला टेकतो, गादीला टेकत नाही आणि मध्ये फट राहते.

४. पलंग आणि भिंत किंवा कपाट यांच्यामधली जागा. कॉट लावल्यावर रात्री अंधारात बाथरूमला जायची वाट उरते का? कपाटाचं दार उघडतं का?

हे चार आकडे विक्रेत्याला सांगा आणि कॉटची मापं लेखी मागा. "सगळ्या पलंगांना बसतो" या उत्तरावर थांबू नका.

कॉट समोर आल्यावर काय तपासायचं?

फट: कॉटची गादी आणि तुमची गादी यांच्यात अजिबात फट नको. फट राहिली तर तिथे चादर किंवा उशी कोंबू नका. कॉट पुन्हा सरकवा, पट्टे पुन्हा आवळा. तरीही फट राहत असेल तर तो कॉट तुमच्या पलंगाचा नाही. पट्टे रोज रात्री एकदा ओढून पाहा.

गादी: सपाट आणि टणक. हाताने दाबून सोडली की खळगा राहता कामा नये. दुकानात "मऊ आहे हो, बाळाला छान वाटेल" असं ऐकलं की सावध व्हा. गादी आणि कॉटची कड यांच्यात दोन बोटांपेक्षा जास्त जागा नको. गादी कॉटसोबत आलेलीच वापरा, तिच्यावर दुसरी घालू नका.

उतार: डोक्याकडून उंच करता येणारे कॉट मिळतात. तसा उतार झोपेसाठी वापरू नका. अमेरिकेत २०२२ च्या कायद्याने १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या बाळांच्या झोपण्याच्या साधनांवर बंदीच आली.

जाळी आणि दांड्या: बाजूंना हवा जाणारी जाळी असेल तर उत्तम. लाकडी दांड्या असतील तर दोन दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा कमी हवं.

कुलूप आणि चाकं: खाली होणारी बाजू वर केल्यावर पक्की बसते ना, चाकांना ब्रेक आहेत ना, हे पाहा. बाळाला ठेवून तुम्ही खोलीबाहेर गेलात तर ती बाजू वर करायचीच.

आत काय ठेवायचं? काहीच नाही

सगळ्यात जास्त वाद इथे होतात. कारण बाळाचं अंथरूण सजवायची घरातल्या सगळ्यांना हौस असते. आत्याने गोधडी शिवलेली असते, मावशीने ससा आणलेला असतो, आजीने डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी तयार ठेवलेली असते.

झोपलेल्या बाळाजवळ यातलं काहीच नको. उशी नाही, लोड नाही, सैल गोधडी नाही, कडेने बांधायचे मऊ पॅड नाहीत. गळ्यात काळा दोरा किंवा मण्यांची माळ नको. घरात झोपताना टोपडंही नको, कारण बाळ जास्तीची उष्णता डोक्यावाटे बाहेर टाकतं. ताणून बसवलेली एक चादर, अंगावर ऋतूप्रमाणे सुती कपडे आणि पाठीवर झोपलेलं बाळ. दुपट्यात गुंडाळत असाल तरी पाठीवरच झोपवा, आणि बाळ वळायची लक्षणं दाखवू लागलं की गुंडाळणं बंद करा.

डासांचं काय? मच्छरदाणी लावा, पण कॉटच्या बाहेरून, ताणून. तिची झूल बाळाच्या तोंडावर येता कामा नये. पंखा हळू चालू द्या, एसीचा झोत थेट अंगावर नको.

आजींना कसं सांगायचं?

"आमची मुलं नाही का वाढली?" हा प्रश्न येणारच. त्यांना खरं ते सांगा: तेव्हा डॉक्टरांनाही हे माहीत नव्हतं. बाळांना पाठीवरच झोपवा ही मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये आणि अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झाली. त्याआधी तिकडे कित्येक बाळांना पोटावर झोपवलं जायचं. मोहिमेनंतरच्या वर्षांत झोपेतले हे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. यात आजींचं काही चुकलं नाही, माहिती नंतर आली.

दुसरी शंका, "पाठीवर झोपलं आणि दूध उलटलं तर?" बाळ पाठीवर असताना श्वासनलिका अन्ननलिकेच्या वरच्या बाजूला येते, त्यामुळे वर आलेलं दूध श्वासनलिकेत जाण्याचा धोका उलट कमी असतो. बाळ कमी दिवसांचं किंवा कमी वजनाचं असेल तर मात्र झोपण्याबाबत तुमच्या डॉक्टरांचाच सल्ला घ्या.

आणि पाळणा? बारशाला पाळणा हवाच, तो भाड्याने आणा, सजवा, हौसेने गा. साडीच्या झोळीत मात्र बाळाला रात्री झोपवू नका. झोळीत अंग वाकतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते.

पैसे, आणि कॉटशिवायचा उपाय

बेडसाइड कॉट फार दिवस चालत नाही. बाळ हातांवर आणि गुडघ्यांवर अंग उचलू लागलं किंवा सांगितलेली वजनाची मर्यादा आली की तो बंद करायचा, म्हणजे साधारण पाच-सहा महिन्यांत. एवढ्यासाठी नवा घ्यायचा का, हे ठरवा. नात्यातून किंवा भाड्याने मिळाला तर चांगलंच, फक्त सगळे स्क्रू, पट्टे, मूळ गादी आणि जोडणीचं पत्रक सोबत असू दे. एकही भाग सुतळीने बांधून चालवू नका.

पलंगाला कॉट बसत नसेल तर साधा कॉट चारही बाजू वर ठेवून पलंगाजवळ लावा. तोही नको असेल तर तुमचं अंथरूण जमिनीवर घाला आणि बाजूला थोड्या अंतरावर बाळासाठी सपाट, टणक, वेगळी गादी घाला, वरून मच्छरदाणी. बाळाची सुरक्षितता महागड्या वस्तूवर अवलंबून नाही.

रात्री पाजताना डोळा लागला तर? लागतो, सगळ्यांचा लागतो. जाग आली की बाळाला त्याच्या जागी ठेवा. झोप अनावर होत असेल तर सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत बसून पाजू नका, तिथे झोप लागणं पलंगापेक्षाही जास्त धोक्याचं. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल, किंवा तुम्ही गुंगी आणणारी औषधं घेत असाल, तर बाळाला तुमच्या पलंगावर अजिबात झोपवू नका. अशा रात्री उचलणं आणि परत ठेवणं हे काम बाबांकडे द्या. कॉट बाबांच्या बाजूला लावला तरी चालतो.

तर आज रात्री जेवणं झाली की टेप काढा. एकाने पलंगावर बसायचं, दुसऱ्याने मोजायचं. चार आकडे फ्रिजवर लावून ठेवा आणि मगच त्या सहा कॉटांपैकी कोणता उरतो ते पाहा. तुमच्या घरी बाळ कुठे झोपतं आणि त्यासाठी कुणाकुणाची समजूत काढावी लागली, ते आम्हाला जरूर कळवा.